डायलिसिसवरच्या माणसाचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ह्यांचं डायलिसिस सुरू होऊन आठ वर्षं झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातची पाळी. ह्या आठ वर्षांत पाहुण्यांनी, शेजाऱ्यांनी, ह्यांच्या मित्रांनी आणि सेंटरबाहेरच्या बाकावर नव्यानं येऊन बसलेल्या बायकांनी मला जे जे विचारलं, ते इथे एकत्र लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत कॅशियर आहे. औषधं आणि पथ्यं प्रत्येकाच्या रिपोर्टप्रमाणे बदलतात, ती तुमच्या किडनीच्या डॉक्टरांनाच विचारायची. घर कसं चालवायचं ते मात्र कुणी कागदावर लिहून देत नाही. ते मला जमेल तसं सांगते.

भेटायला येतोय. शहाळं आणू ना?

नको. हा प्रश्न मी मुद्दाम पहिला घेतलाय.

आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे शहाळं, मोसंबी नाहीतर केळी. किडनी बंद पडलेल्या माणसाला नेमकं हेच चालत नाही. ह्या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर असतं. चांगली किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीतून काढून टाकते. ह्यांच्या अंगात ते पुढच्या डायलिसिसपर्यंत साठत राहतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात. ठोके थांबूही शकतात, तेही आधी काही जाणवल्याशिवाय.

पहिल्या महिन्यातल्या एका रविवारी आमच्या सोफ्याशेजारी सात शहाळी रांगेनं उभी होती. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या मायेनं आणलंय लोकांनी, थोडं तरी घे." ह्यांनी दोन शहाळी प्यायली. सोमवारी रक्त तपासलं तर पोटॅशियम ६.८. डॉक्टर साडेपाचच्या वर गेलं तरी काळजीत पडतात. त्या दिवशी यंत्राला जोडताना सिस्टरनं आधी ईसीजी काढला आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "काय दिलंत?" मी शहाळं म्हटलं, तर तिनं कपाळाला हात लावला.

आणखी एक फळ लक्षात ठेवा, करमळ. कापलं की चांदणी दिसते ते पाच कंगोऱ्यांचं आंबट फळ, कोकणात आणि गोव्यात परसात असतं. किडनीच्या रुग्णाला ते थोडंसंही देऊ नका. त्यातलं विष किडनीवाटे बाहेर पडत नाही आणि मेंदूवर चढतं. उचकी लागून थांबत नाही, भ्रम होतो, झटके येतात.

काही आणायचंच असेल तर दोन सफरचंदं आणा. त्याहून बरं म्हणजे डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी आमच्यासाठी भाकरी-भाजीचा डबा पाठवा. त्या दिवशी सकाळी साडेपाचला घरातून निघालेली असते मी.

डायलिसिसमध्ये होतं काय? दुखतं का?

हाताच्या शिरेत दोन सुया टोचतात. एकीतून रक्त बाहेर येतं, यंत्राच्या गाळणीतून फिरतं आणि दुसरीतून परत अंगात जातं. चार तास हे चालतं. गाळणीत बारीक पोकळ धाग्यांमधून रक्त वाहत असतं आणि धाग्यांच्या बाहेरून शुद्ध केलेलं पाणी क्षारांसह उलट्या दिशेनं वाहत असतं. रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. हे पाणी मिनिटाला साधारण अर्धा लिटर लागतं, म्हणजे एका माणसाच्या एका पाळीला १२० लिटर. म्हणून चांगलं सेंटर निवडताना पाणी शुद्ध करायचं यंत्र कसं आहे, त्याची तपासणी कधी झाली, हे विचारायला लाजू नका.

पहिलं चालणारं यंत्र दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यात असलेल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरांनी बनवलं, तेही सॉसेजची आवरणं आणि लाकडी पट्ट्या जोडून. ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे ही गोष्ट त्यांना फार आवडते. सेंटरमध्ये नवीन माणूस घाबरलेला दिसला की हे त्याला तीच सांगतात.

सुई टोचताना दुखतं. पुढे फारसं दुखत नाही, पण अंगातलं पाणी जास्त ओढलं गेलं तर पोटऱ्यांत गोळे येतात, बीपी पडतं, गरगरतं.

दर पाळीच्या सुयांसाठी मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर जोडून घेतात, तिला फिश्चुला म्हणतात. ती टोचण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने जातात. हा हात घरातल्या सगळ्यांनी जपायचा असतो. त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, त्यातून रक्त काढू द्यायचं नाही, घड्याळ बांधायचं नाही, ओझं उचलायचं नाही, उशाखाली घेऊन झोपायचं नाही. ह्यांचा डावा हात आता दोरखंडासारखा फुगलेला आहे. त्यावर बोटं ठेवली की मांजर घुरघुरतं तशी थरथर लागते. रोज रात्री दिवा मालवण्याआधी मी तिथे बोटं ठेवून बघते. थरथर लागली नाही तर सकाळची वाट न बघता फोन करायचा, कारण रक्ताची गुठळी वेळेत काढली तरच ती शीर वाचते.

आठवड्यातून दोनदा केलं तर नाही का चालणार? खर्चही वाचेल.

चांगली किडनी आठवड्याचे १६८ तास चालते. यंत्र तीन पाळ्यांचे मिळून १२ तास. त्यातले चार आणखी कमी केले तर काय होईल, ते तुम्हीच बघा. ज्यांना थोडी लघवी अजून होते अशा काहींना डॉक्टर दोन पाळ्या सांगतात. तो निर्णय त्यांचा. आपण पैशाच्या किंवा लग्नकार्याच्या हिशेबानं पाळी गाळायची नाही.

दोन पाळ्यांमधला मोठा खंड सगळ्यात धोक्याचा असतो. आमच्याकडे तो शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ. आणि लग्नं, बारशी, जेवणावळी सगळ्या नेमक्या रविवारी. म्हणून रविवारी माझा डोळा ह्यांच्या ताटावर असतो. पाहुण्यांना ते कठोर वाटतं. वाटू दे.

पाणी किती प्यायचं? उन्हाळ्यात तहान कशी मारायची?

बहुतेकांना सांगतात ते असं: दिवसभरात जेवढी लघवी होते त्यात अर्धा लिटर मिळवायचं. ह्यांची लघवी जवळपास बंदच आहे. म्हणजे चहा, ताक, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं धरून दिवसाला अर्धा-पाऊण लिटर. प्यायलेलं प्रत्येक लिटर काट्यावर एक किलो होऊन दिसतं, आणि ते आधी पायांत, मग फुप्फुसांत साठतं.

आमच्याकडे ह्यांची स्टीलची लोटी वेगळी आहे. रात्री मी ती मापून भरते, दुसऱ्या दिवशीचं सगळं पाणी तिच्यातूनच घ्यायचं. चहा केला की तेवढं पाणी लोटीतून कमी करायचं. सुरुवातीला हे संध्याकाळपर्यंत लोटी रिकामी करून बसायचे आणि रात्री चूळ भरायच्या निमित्तानं न्हाणीघरात जाऊन पाणी प्यायचे. मला कळायचं, मी भांडायचे. एकदा भांडणात ते म्हणाले, "तू तांब्याभर पाणी घटाघटा पितेस ना, तेव्हा मी दुसरीकडे बघतो." त्या दिवसापासून घरात कुणीच त्यांच्यासमोर उभ्यानं तांब्या तोंडाला लावत नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं, ते आपोआप झालं.

उपाय म्हणाल तर लहान पेल्यातून प्यावं. बर्फाचा खडा चघळला की घोटभर पाण्यात बराच वेळ तोंड ओलं राहतं, फक्त तो खडाही मापात धरायचा. लिंबाची फोड चोखावी, लवंग तोंडात धरावी. खरी तहान मात्र मिठानं लागते. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण, बेकरीचे पदार्थ, हॉटेलचा रस्सा कमी केल्यावर महिन्याभरात ह्यांचं दोन पाळ्यांमध्ये वाढणारं वजन साडेतीन किलोंवरून दोन किलोंवर आलं.

"कमी सोडियमचं मीठ" म्हणून दुकानात पाकीट मिळतं ते आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. सैंधवही शेवटी मीठच.

उपास चालतो का?

आपला उपास बघा: बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर, केळं. पोटॅशियम आणि फॉस्फरस एका ताटात हवं असेल तर याहून नेमकं काही सापडणार नाही. ह्यांची आषाढी-कार्तिकी लहानपणापासूनची. पहिल्या वर्षी त्यांना हा उपास सोडताना फार वाईट वाटलं, कारण आजारानं आधीच बरंच काही काढून घेतलं होतं. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. त्या म्हणाल्या, तुझा उपास मी धरते, तू देवाला हात जोडून वरीचा भात खा. आता त्या आपला आणि लेकाचा असे दोन उपास करतात. त्यांना विचारलं, दोन उपास म्हणजे नेमकं काय करता? म्हणाल्या, "दुपारचा चहाही घेत नाही."

एरवी बटाटा किंवा पालेभाजी करायची तर बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात दोन-तीन तास भिजवायची, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकळायची आणि तेही पाणी फेकायचं. पोटॅशियम बरंचसं निघून जातं. चवही थोडी जाते. फोडणीला लसूण जास्त घाला.

किडनी खराब म्हणजे डाळ, अंडी बंद ना?

इथे आम्ही मोठी चूक केली. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी डॉक्टर प्रथिनं मोजून खायला सांगतात, ते खरं आहे. सुरू झाल्यावर हिशेब उलटा होतो. यंत्रातून प्रथिनंही वाहून जातात आणि माणूस वाळत जातो. आम्ही जुनाच कागद फ्रिजवर चिकटवून सहा महिने ह्यांना भात आणि दुधीवर ठेवलं. गाल बसले, दंडाची कातडी लोंबायला लागली, आणि लोक म्हणत होते आजारच तसा आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी वजन बघून विचारलं तेव्हा उलगडा झाला. आता रोज दोन-तीन अंड्यांचा पांढरा भाग, अधूनमधून मासे किंवा कोंबडी, शाकाहारी दिवशी पनीर आणि मापात डाळ. जेवणातला फॉस्फरस अंगात शोषू न देणारी गोळी दिलेली असेल तर ती जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायची असते. जेवणानंतर तासाभरानं घेतली तर उपयोग नाही.

हा आजार दुसऱ्याला लागतो का? त्यांचं ताट वेगळं ठेवता का?

लागत नाही. ताट सगळ्यांचं एकत्रच. वेगळी आहे ती फक्त पाण्याची लोटी.

किडन्यांमध्ये पाण्याच्या गाठी होण्याचा एक प्रकार आनुवंशिक असतो. घरात तो असेल तर भावंडांनी आणि मुलांनी सोनोग्राफी करून घ्यावी. ह्यांच्या किडन्या बीपीनं गेल्या. तिशीपासून डोकं दुखायचं आणि हे दुकानात बसून दुखण्याच्या गोळ्या खायचे. त्या गोळ्यांनीही किडनीला मारच बसतो. बीपी एकदाही मोजलं नव्हतं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं डोकं वरचेवर दुखत असेल तर आजच बीपी मोजून घ्या.

ते इतके चिडचिडे का झालेत? आधी असे नव्हते.

डायलिसिसहून आलेला माणूस रिकाम्या पोत्यासारखा असतो. चार तासांत दोन-अडीच लिटर पाणी अंगातून काढलेलं असतं. दुपारी ते झोपतात तेव्हा घरात मिक्सरसुद्धा लावत नाही मी. रक्त कमी असतं, अंगाला खाज सुटते, रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत. ह्यात चिडचिड होणारच.

तरी सगळं शरीरावर ढकलू नये. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी अशी वेळ आली की हे बोलेनासे झाले. दुकानाची चावी खुंटीवर तशीच, दाढी वाढलेली, मुलीनं काही विचारलं की "आईला विचार". मी त्याला रुसवा समजले, सासूबाई त्याला नशीब म्हणाल्या. सेंटरच्या डॉक्टरांनी ते नैराश्य आहे असं सांगितलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. किडनीच्या रुग्णाला चालतील अशा गोळ्या असतात, त्या दिल्या. दोन-अडीच महिन्यांनी एका मंगळवारी हे स्वतःहून दुकानात गेले. जड पंप आता उचलत नाहीत, त्यासाठी पोऱ्या ठेवलाय. वाइंडिंग स्वतः करतात.

नवरा-बायकोच्या संबंधांचं काय? हे कुणाला विचारताही येत नाही.

बाकावरच्या बायका हा प्रश्न अगदी हळू आवाजात विचारतात, म्हणून मी मोठ्यानं लिहिते. किडनी बंद पडलेल्या बहुतेक पुरुषांना आणि बायकांना ही अडचण येते. इच्छा कमी होते, पुरुषांना जमत नाही, बायकांची मासिक पाळी बिघडते. कारणं रक्तक्षय, हार्मोन्स, बीपीची औषधं, थकवा. त्यात प्रेमाचा दोष नसतो. ह्यातल्या काहींवर उपचार आहेत, तेव्हा डॉक्टरांना सांगा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतली गोळी आणू नका, हृदयाच्या औषधांबरोबर ती जिवावर बेतू शकते. आम्ही दोघं वर्षभर ह्या विषयावर गप्प राहिलो आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला आपण नको आहोत.

मुलांना काय सांगायचं?

खरं सांगायचं. आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, मुलगा चौदाचा. मुलाला सगळं सांगितलं आणि मुलीला "पप्पा माल आणायला जातात" असं सांगितलं. दोन महिने तिनं ते ऐकून घेतलं. मग तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून तिची वही दाखवली. 'माझे वडील' ह्या निबंधात तिनं लिहिलं होतं की माझे पप्पा आठवड्यातून तीन दिवस कुठेतरी जातात, हाताला पट्टी बांधून येतात आणि आम्हाला कुणी काही सांगत नाही.

पुढच्या सुट्टीत तिला सेंटरवर नेलं. सिस्टरनं तिला गाळणी दाखवली, यंत्रावरचे आकडे समजावले. येताना ती म्हणाली, "एवढंच होय?" मुलाकडे मात्र आमचं दुर्लक्ष झालं. त्याला मोठा समजून आम्ही त्याच्यावर दुकानाच्या खेपा टाकल्या. दहावीला तो गणितात मागे पडला, आणि तो रात्री जागा असतो हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

किडनी का बदलत नाही? घरातलं कुणी देत नाही का?

पाहुणे हे चहाचा कप हातात घेऊन सहज विचारतात. त्या क्षणी घरातल्या प्रत्येकाला आपल्याकडेच बोट दाखवल्यासारखं वाटतं, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे जवळच्या नात्यातलं माणूस किडनी देऊ शकतं: नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही. इतर कुणाला केवळ मायेपोटी द्यायची असेल तर सरकारी समितीची परवानगी लागते. विकत घेणं-देणं गुन्हा आहे, त्याला कैदेची शिक्षा आहे. "माणूस बघून देतो" म्हणत सेंटरच्या आसपास फिरणाऱ्या कुणाशी बोलूही नका.

ह्यांचा रक्तगट ओ. ओ गटाला ओ गटाचीच किडनी बसते. माझा बी. सासूबाईंचा ओ, पण त्यांना मधुमेह. राहिल्या माझ्या नणंद, गट ओ, तब्येत ठणठणीत. वन्सं पहिल्याच दिवशी म्हणाल्या, दादाला मी देते. तपासण्याही सुरू झाल्या. मग त्यांच्या सासरकडून निरोप आला की आमची सून आहे, तिला दोन लहान मुलं आहेत, उद्या काही झालं तर? मी तेव्हा फार रागावले, दिवाळीला बोलले नाही. आज मला वाटतं की त्यांचा प्रश्न चूक नव्हता, फक्त तो त्यांनी वन्संना विचारून मांडायला हवा होता. देणाऱ्याची कसून तपासणी होते आणि बहुतेक दाते एका किडनीवर चांगलं आयुष्य जगतात. पण ते ऑपरेशन आहे, आणि पुढे दर वर्षी तपासणी आहे. "नाही" म्हणायचा हक्क दात्याला शेवटच्या दिवसापर्यंत असतो. डॉक्टर दात्याला एकटं बसवून विचारतात ते ह्याचसाठी.

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका कितीतरी जास्त आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. बाकावर बसून मीही तेच पाहिलंय. बाई डायलिसिसवर असली की भाऊ आणि नवरा तपासणीची तारीख पुढे ढकलत राहतात. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गट जुळत नसेल तर दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करायची सोय कायद्यात आहे. गट वेगळा असतानाही काही ठिकाणी प्रत्यारोपण करतात, पण ते जास्त खर्चाचं असतं. तिसरा रस्ता मेंदूमृत दात्याच्या किडनीचा. महाराष्ट्रात त्याची यादी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली विभागीय केंद्रं चालवतात, नोंदणी रुग्णालयामार्फत होते. आमची नोंदणी झालेली आहे. फोन कधीही येऊ शकतो, म्हणून ह्यांचा मोबाइल रात्री उशाशी चालू असतो आणि कपाटात एक पिशवी भरून ठेवलेली आहे.

किडनी बदलली की सगळं संपतं असंही नाही. शरीरानं ती नाकारू नये म्हणून गोळ्या जन्मभर, वेळेवर घ्याव्या लागतात. सेंटरमध्ये यंत्रावर परत आलेली माणसंही आहेत.

खर्चाचं कसं करता?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे. ही योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जा. सरकारी रुग्णालयांमध्ये २०१६ पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रमही आहे. रेल्वेत डायलिसिसच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, एसटीचीही सवलत आहे, आगारात विचारा. आयकराच्या जुन्या पद्धतीत ह्या उपचाराच्या खर्चावर ४०,००० रुपयांपर्यंत आणि ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारासाठी १ लाखापर्यंत वजावट मिळते.

ह्यात न बसणारा खर्चच खरा पोखरतो: रक्तवाढीची इंजेक्शनं, तपासण्या, रिक्षा, बुडालेला रोजगार. पहिल्या वर्षी मी सोनं मोडलं आणि कुणाला सांगितलं नाही. नंतर कळलं की तेव्हाच आरोग्यमित्राला विचारलं असतं तर त्यातलं निम्मं वाचलं असतं. म्हणून सांगते, दागिन्यांचा डबा उघडायच्या आधी त्या टेबलावर जा.

कुणी जडीबुटीनं डायलिसिस बंद झाल्याचं सांगतं, खरं का?

अचानक बिघडलेली किडनी कधीकधी आपोआप सुधारते आणि डायलिसिस सुटतं. त्याचं श्रेय त्या वेळी चालू असलेल्या पुडीला जातं. वर्षानुवर्षं झिजून गेलेली किडनी परत येत नाही. काही भस्मांमध्ये शिसं-पारा असतो, काही काढ्यांमध्ये पोटॅशियम. आमच्या बाकावरच्या एका काकांनी पुडी घेऊन तीन पाळ्या सोडल्या. चौथ्या पाळीला त्यांच्या खुर्चीवर दुसरं कुणी होतं.

मित्रांनी काय करावं?

बोलावणं थांबवू नका. आजारापूर्वी ह्यांची हुरड्याची, कोजागिरीची टोळी होती. डायलिसिस सुरू झालं आणि "त्याला कशाला, तो काही खात नाही" म्हणून बोलावणं बंद झालं. शेतात शेकोटी पेटवल्याचे फोटो ग्रुपवर यायचे. हे बघायचे आणि मोबाइल पालथा ठेवायचे. खात नसले तरी शेकोटीपाशी बसता येतंच.

एक मित्र मात्र दर शुक्रवारी अकराला गाडी घेऊन सेंटरवर येतो. आठ वर्षांत थोडेच शुक्रवार चुकले असतील. तो तब्येतीचं विचारत नाही. "झालं का भरून?" म्हणतो, गाडीत ह्यांची सीट आडवी करतो आणि वाटेत बाजारसमितीच्या भानगडी सांगत घरी सोडतो. "काही लागलं तर सांगा" असं आम्हाला शंभरेक जण म्हणाले असतील. मनापासूनच म्हणाले, पण सांगायला जीभ रेटत नाही. त्यापेक्षा एक वार धरा आणि एक काम धरा.

गावाला, यात्रेला जाता येतं का?

येतं. ज्या गावी जायचं तिथलं सेंटर पंधरा दिवस आधी गाठायचं, एचआयव्ही आणि दोन्ही काविळींचे (बी आणि सी) ताजे रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाठवायची, पाळी पक्की करायची. आम्ही सोलापुरात पाळी घेऊन दुसऱ्या दिवशी पंढरपूरला गेलो. चंद्रभागेत फिश्चुलाचा हात वर धरून स्नान केलं, कारण टोचलेली जागा अजून ओली होती.

रात्री-अपरात्री कधी निघायचं?

आडवं झाल्यावर दम लागून माणूस उठून बसला, पायांतली ताकद गेली किंवा छातीत धडधडलं, फिश्चुलाची थरथर बंद झाली, सुईच्या जागेतून रक्त थांबेना (बोटानं घट्ट दाबून, हात वर धरून निघायचं), मानेत नळी (फिश्चुला तयार होईपर्यंत डायलिसिससाठी घालतात ती) असताना थंडी वाजून ताप आला. ह्यांतलं काहीही झालं तर सकाळ होऊ द्यायची नाही.

तुमचं स्वतःचं काय?

हे फार कमी लोकांनी विचारलंय. चौथ्या वर्षी मी पतसंस्थेत चक्कर येऊन पडले. माझंच बीपी वाढलं होतं आणि मी तपासलं नव्हतं. त्यानंतर बुधवारची पाळी मुलानं घेतली. बुधवारी मी सकाळी सातपर्यंत झोपते. सुरुवातीला अपराधी वाटायचं, आता वाटत नाही. घरातल्या एकीनंच सगळं धरून ठेवलं तर तिच्याबरोबर सगळं कोसळतं, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

मरणाविषयी त्यांच्याशी बोलता का?

बोलतो. पहिल्यांदा विषय ह्यांनीच काढला. सेंटरमधल्या शेजारच्या खुर्चीवरचे गुरुजी गेले, त्या रात्री. मी "असलं काही बोलू नका" म्हणणार होते, पण ते इतक्या शांतपणे बोलत होते की मी गप्प बसले. त्यांनी सांगितलं की शुद्ध नसेल आणि परत येण्याची आशा नसेल तर मला यंत्राला जोडून ठेवू नका, घरी आणा. हे त्यांनी मुलाच्या आणि डॉक्टरांच्या समोरही सांगितलं. बँकेत वारसदाराचं नाव आम्ही दुसऱ्याच आठवड्यात घातलं.

मग त्यांनी दुकानातली एक जुनी वही घरी आणली. कुठल्या मोटारीला किती गेजची तार, किती वेढे, कुठल्या गिऱ्हाइकाची मोटार दर पावसाळ्यात जळते, कुणाकडून उधारी मागायची नाही, असं सगळं त्यात ते लिहितात. मंगळवारी आणि गुरुवारी, दुकानातून आल्यावर, उजव्या हातानं. डावा हात उशीवर ठेवलेला असतो. आता तिसरी वही चालू आहे.